ओरिक्स: रणगाडे मोजणारा ब्लॉग, तोही फुकट
युक्रेन युद्ध पेटलं तेव्हा टीव्हीवर नुसता आरडाओरडा, एका चॅनेलवाल्याने तर व्हिडिओ गेमची क्लिप लढाई म्हणून लावली राव, तेवढ्यात एका मित्राने ओरिक्सची लिंक टाकली आणि तेव्हापासून मी तिकडेच पडीक. स्टाइन मित्झर आणि योस्ट ओलिमान्स या दोघा डच पोरांनी २०१३ मध्ये चालू केलेला ब्लॉग. रशियाचा एकेक रणगाडा, एकेक ट्रक मॉडेलप्रमाणे लावलाय, नंबरवर क्लिक केलं की थेट फोटो, शिवाय नष्ट झाला, डॅमेज झाला, सोडून पळाले की शत्रूने पकडला तेही लिहिलेलं. फोटो नाही तर एंट्री नाही, म्हणजे खरा आकडा जास्तच असणार हे ते स्वतःच सांगतात. टी-७२ रणगाड्यांची यादी स्क्रोल करेपर्यंत चहा गार होतो!! मोठमोठे पेपर, चॅनेल यांचेच आकडे उचलतात.

पण इथे मोजलंय ते फक्त लोखंड. आत बसलेला पोरगा कुठल्या गावचा ते शोधायला बातमीदारच लागतो, बीबीसीची रशियन टीम आणि मीडियाझोना ही रशियन न्यूज साइट श्रद्धांजलीच्या पोस्टी, कबरी बघून एकेक नाव जमवतात तसं. मी दोन्ही टॅब उघडे ठेवतो. पाचपैकी साडेचार.