मरगळ असेल तर एक, धास्ती असेल तर दुसरा

मुंबईत मानसोपचार शोधायला बसलं की पहिला गोंधळ नावांचाच होतो. एका पाटीवर सीबीटी, दुसरीवर आरईबीटी, तिसरीवर माइंडफुलनेस आणि सगळ्यांखाली ‘डिप्रेशन, अँग्झायटी’. मी आधी स्वतःसाठी शोधलं, मग ताईसाठी. मला जे लागू पडलं त्याचा ताईला काही उपयोग नव्हता. म्हणून नावं बाजूला ठेवून, आपलं अडलंय कुठे त्यावरून बघू.

माझं लोकलमध्ये अडलं होतं. घाटकोपर सोडलेली फास्ट गाडी, मरणाची गर्दी, छातीत धडधड, हातांना मुंग्या. हार्ट अटॅकच वाटला, ईसीजी नॉर्मल. मग मी फास्ट सोडली, पुढे स्लोही. टाळलं की त्या दिवसापुरतं हायसं वाटतं आणि भीती आणखी पक्की होते. यावर उपाय म्हणजे पायरीपायरीने भीतीसमोर जाणं, म्हणजे एक्स्पोजर. पहिले काही दिवस मुलुंडच्या प्लॅटफॉर्मवर नुसतं उभं राहायचं. मग दुपारच्या स्लोने नाहूर, मग भांडुप, मग संध्याकाळची गर्दी. धडधड वाढली तरी ठरवलेल्या स्टेशनाआधी उतरायचं नाही. पाण्याची बाटली, सोबतीला कुणीतरी, या कुबड्याही हळूहळू काढून घेतात. पॅनिक, म्हणजे असा धास्तीचा अचानक झटका, किंवा एखादी ठरावीक भीती असेल तर पहिल्याच भेटीत विचारा, ‘एक्स्पोजर करून घेता का?’ महिनोन्महिने नुसतं ऐकून घेणारा माणूस प्रेमळ असेल, पण गाडीत तुम्ही चढणार नाही.

ताईला भीती कशाचीच नव्हती. कशाची ओढही नव्हती. ‘बरं वाटलं की फिरायला जाईन’ हे तिचं पालुपद. वर्तन-सक्रियता ही पद्धत याच वाक्याला उलटं करते: आधी फिरून ये, बरं वाटणं मागून येईल. दिवसभरात काय केलं, तेव्हा मन कसं होतं हे वहीत लिहायचं, आणि त्यातून रोजची एक-दोन छोटी कामं वेळेसकट ठरवायची. ऐकायला फारच साधं वाटतं. पण गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच तत्त्वावर सहा ते आठ भेटींचा कार्यक्रम राबवला, तोही प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांकडून, आणि तीव्र नैराश्याच्या रुग्णांना त्याचा फायदा झाल्याचं 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

विचारांचं चक्र थांबत नसेल तर दोन पर्याय जवळजवळचे आहेत. अॅरन बेक यांची सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्याचा उपचार, पुरावा मागते: ‘साहेब रागावले म्हणजे नोकरी जाणार, हे कशावरून?’ अल्बर्ट एलिस यांची आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ उपचार, एक पाऊल पुढे जाते: ‘समजा गेली. वाईट होईल, पण आभाळ कोसळेल का?’ तिचा रोख आपल्या ‘असं झालंच पाहिजे’वर असतो. मानसोपचारक किशोर फडके यांच्यामुळे ही पद्धत महाराष्ट्रात रुजली, त्यामुळे मराठीतून करून घेणारे सापडतात. हळव्या माणसाला एलिसचा ठोसा जरा लागतो. त्याला बेक बरा, असं माझं मत. दोन्हींत गृहपाठ असतो. तो करायचा नसेल तर पैसे वाया. केला तर शिकलेलं उपचार संपल्यावरही हाताशी राहतं.

नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून माइंडफुलनेसवर, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याच्या सरावावर, आधारलेला आठ आठवड्यांचा गट-कार्यक्रम असतो. तीन किंवा जास्त वेळा नैराश्य येऊन गेलेल्यांना तो विशेष सुचवतात. ‘इगतपुरीला विपश्यनेत दहा दिवस मौनात बसून ये’ हा नातेवाइकांचा सल्ला मात्र यात धरू नका. ऐन नैराश्यात ते करू नये. बालपण खणणाऱ्या दीर्घ उपचारांबद्दल एवढंच: वेळ आणि पैसा दोन्ही असेल तर.

औषधांचं काय? मानसशास्त्रज्ञ गोळ्या लिहून देऊ शकत नाही. ते काम मानसोपचारतज्ज्ञाचं, म्हणजे सायकिअॅट्रिस्टचं. जेवण-झोप उडाली असेल, कामावर जाणंच थांबलं असेल तर दोघंही लागतात. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, आणि त्या मनाने बंद करायच्या नसतात. मरणाचे विचार येत असतील तर तुलना राहू द्या; सरळ हॉस्पिटल गाठा किंवा टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. तो चोवीस तास चालतो, मराठीतही.

केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांच्या ओपीडीत खर्च अगदी कमी, पण रांग मोठी आणि वेळ थोडा. निदानाला आणि औषधांना उत्तम, दर आठवड्याच्या तासाभराच्या बोलण्याला तितकं नाही. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था 1990 पासून आहे. खासगीत जाणार असाल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी विचारायला लाजू नका.

आणि अंतर बघा. दादरच्या एका नावाजलेल्या बाई मला लगेच वेळ देत होत्या, पण तिथे जायला लोकलच लागायची. मी मुलुंडमधल्याच, घरापासून चालत दहा मिनिटांवरच्या बाईंकडे गेलो. दादर त्यांनी माझ्या पायऱ्यांच्या यादीत शेवटी लिहून ठेवलं होतं.