कांगारू पॉच्या नावाखाली घरी आलेली भलतीच झाडं

कांगारू पॉ या ऑस्ट्रेलियन फुलझाडाचं बियाणं किंवा ‘कंद’ ऑनलाइन मागवणार असाल तर आधी हे वाचा. एकाच विक्रेत्याने मला बियाण्यात गंडवलं, आणि त्याची भरपाई म्हणून पाठवलेल्या रोपातही गंडवलं.

जाहिरातीच्या फोटोत लाल, पिवळी आणि गर्द निळी फुलं एकाच कुंडीत होती. खाली लिहिलेलं: मिक्स रंग, सावलीतही चालेल, दोन महिन्यांत फुलं. यातलं एकही खरं नाही. या झाडाला भरपूर ऊन लागतं, आणि बी पेरल्यापासून फूल दिसायला साधारण वर्ष-दोन वर्षं जातात. निळ्या-जांभळ्या झाकेचे संकरित वाण आहेत, पण ते जुन्या झाडाचे फुटवे वेगळे करून किंवा टिश्यू कल्चरने (प्रयोगशाळेत झाडाच्या तुकड्यापासून) वाढवतात. संकरित झाडाला बी धरलंच, तरी त्यातून तोच रंग येईल याचा भरवसा नसतो. त्यामुळे ‘निळ्या कांगारू पॉचं बी’ असं कुणी विकत असेल तर तिथेच थांबा.

बिया पेरल्या आणि आठवड्याच्या आत कुंडी हिरवी झाली. शंका आली ती या घाईमुळेच. नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातल्या वणव्याच्या रानातलं हे झाड. तिथल्या कित्येक झाडांप्रमाणे याचंही बी धुराने जागं होतं. म्हणून काही जण बी धुराच्या पाण्यात भिजवतात, आणि तरीही कोंब दिसायला काही आठवडे लागतात. माझ्या कुंडीत मात्र प्रत्येक कोंबाला दोन गोलसर पानं! कांगारू पॉ एकदल आहे, म्हणजे आधी गवतासारखं एकच पातं वर यायला हवं. तेवढ्यावरून कळतं की पाकिटात दुसरंच काहीतरी भरलंय. विक्रेत्याचं उत्तर आलं, ‘ही बाळपानं आहेत, नंतर बदलतात.’ पानांचा आकार बदलतो हो, पण द्विदलाचं एकदल कसं होणार?

फोटो पाठवून पिच्छा पुरवल्यावर भरपाई म्हणून ‘मोठा फुलणारा कंद’ आला. सोबत ‘खास फूलवर्धक’ खत, आणि त्याचे पैसे वेगळे. हे खत स्फुरदाने (फॉस्फरसने) भरलेलं होतं. मूळच्या निकस, रेताड जमिनीत वाढणाऱ्या या झाडाला असला भारी डोस कशाला? कमी स्फुरदाचं, हळू विरघळणारं खत थोडंसं घातलं तरी पुरतं. खरी गरज असते ती पाण्याचा झटपट निचरा होणाऱ्या मातीची.

आणि कंद? कांगारू पॉला कांद्यासारखा कंद नसतोच. जमिनीखाली आडवं, आखूड, जाड खोड असतं, त्यालाच फुटवे येतात. आलेल्या झाडाच्या मुळांवर गाठोळ्या होत्या आणि पानं मध्ये दुमडून पन्हाळीसारखी झालेली. कांगारू पॉची पानं चपटी, एकात एक बसवलेल्या पंख्यासारखी असतात. झाड फुललं तेव्हा उरलासुरला संशयही फिटला. सहा पाकळ्यांचं केशरी, उघडं फूल, एका दिवसात मिटलेलं. ती साधी डे लिली होती. खऱ्या फुलाची नळी मखमली लवेची, एका बाजूने फाटलेली असते आणि टोकाला सहा नख्यांसारखे भाग असतात.

यावर उत्तर आलं, ‘हवामानामुळे रंग-आकार बदलला.’ नंतर उत्तरंच थांबली.

आता मी विक्रेत्याला जातीचं शास्त्रीय नाव विचारते. फोटोत सगळे दाखवतात ती लाल-हिरव्या फुलांची मॅंगलेसाय ही जात. ती १९६० पासून पश्चिम ऑस्ट्रेलियाचं राज्यपुष्प आहे, पण नाजूक आणि अल्पायुषी. पानांवर काळे डाग पाडणारा इंक रोग तिला लवकर धरतो. फ्लॅव्हिडस ही दुसरी जात उंच आणि चिवट, नवख्याने तीच घ्यावी. हा फरक ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडून मी घेत नाही. रोप घेताना फुलाच्या जाहिराती फोटोवर जाऊ नका, त्याच रोपाच्या बुंध्याचा आणि मुळांचा फोटो मागा. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा आणि उगवलेल्या कोंबांचे तारखेसकट फोटो ठेवा. त्या फोटोंच्या जोरावर मला बियाण्याचे पैसे विक्रीच्या संकेतस्थळाकडून परत मिळाले. खताचे पैसे मात्र विक्रेत्याच्या खात्यात थेट भरले होते, ते गेले.