‘ऑनलाइन’ यूपीएसच्या नावाखाली ७५,९९२ रुपयांची टोपी

आमच्या सर्व्हरसाठी घेतलेल्या यूपीएसचं कोटेशन असं: ३ केव्हीए ‘ऑनलाइन’ यूपीएस ३४,०००. १२ व्होल्ट २६ एएचच्या सहा बॅटऱ्या, प्रत्येकी २,९०० प्रमाणे १७,४००. एसएनएमपी कार्ड, म्हणजे नेटवर्कवरून यूपीएसची स्थिती सांगणारं, ९,५००. बॅटरी स्टँड आणि वायरिंग ३,५००. वर १८ टक्के जीएसटी ११,५९२. एकूण ७५,९९२ रुपये, त्यातले निम्मे, म्हणजे ३७,९९६, ऑर्डरसोबत आगाऊ. कोटेशनवर ठळक अक्षरांत ‘लिनक्स कंपॅटिबल’. या बिलातली एकही ओळ खरी निघाली नाही. बरं, स्टँड खरा होता.

विक्रेत्याचं नाव वकिलाच्या सांगण्यावरून देत नाही. तसंही नावाने फरक पडणार नाही, असला माल दर वर्षी नव्या स्टिकरखाली फिरतो. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरचा किंवा पुण्यातल्या तपकीर गल्लीतला दुकानदार निदान ‘लिनक्सचं आपल्याला काही माहीत नाही’ असं तोंडावर सांगतो. हे लोक ‘हो’ म्हणतात आणि तेही लेखी देतात.

खरी चीड येते ती डेमोची. त्यांच्या माणसाने बल्ब लावला, भिंतीतला प्लग उपसला, बल्ब जळतच राहिला. पण प्लग निघाला त्या क्षणी आतून ‘टक्’ असा रिलेचा आवाज आला. ऑनलाइन यूपीएसमध्ये लोड कायम इन्व्हर्टरवर असतो, लाइट गेली म्हणून लोड इकडून तिकडे न्यावा लागत नाही. विचारलं तर उत्तर तयार: ‘तो इनपुटचा रिले आहे, साहेब.’ आता इनपुटचा रिले बऱ्याच ऑनलाइन यूपीएसमध्ये असतो आणि वाजतोही, त्यामुळे त्या उत्तरावर बोट ठेवायला जागा नव्हती. बोट ठेवायचं होतं ते पंख्यावर. सतत डबल कन्व्हर्जन (एसीचं डीसी आणि पुन्हा एसी) चालू असेल तर उष्णता होते, म्हणून ३ केव्हीए ऑनलाइनचा पंखा एरवीही घरघरत असतो. इथे पंखा गप्प होता. आणि बल्ब हा काय लोड झाला? दहा मिलिसेकंद पुरवठा तुटला तर फिलामेंटला पत्ताही लागत नाही. डेमो घ्यायचा तो सर्व्हरवर, ज्याच्या पॉवर सप्लायमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) आहे अशा. बॅटरीवर चौकोनी लाट देणारा स्वस्त यूपीएस तिथे उघडा पडतो.

पुरावा मशिननेच दिला. यूएसबी जोडल्यावर आयडी दिसतो ०६६५:५१६१, म्हणजे सायप्रेसची यूएसबी-सिरीयल चिप, या वर्गातल्या यूपीएसमध्ये हमखास असणारी. लिनक्सवर यूपीएसवर नजर ठेवणारं मोफत सॉफ्टवेअर नेटवर्क यूपीएस टूल्स, म्हणजे नट, त्याचा ‘एनयूटीडीआरव्ही_क्यूएक्स’ ड्रायव्हर ती सहज ओळखतो. विक्रेत्याच्या सीडीवरचं सॉफ्टवेअर मात्र ३२ बिट, कुठल्याशा जुन्या रेड हॅटसाठी बांधलेलं. त्याच्या जोरावर ‘कंपॅटिबल’. असल्या सीडीला हातही लावू नका.

यूपीएसला त्याची स्थिती विचारणाऱ्या ‘क्यू१’ या प्रश्नाला आलेलं उत्तर असं: २०८.४, २०८.४, २०७.९, ०३६, ४९.९, ८१.६, २८.०, ००००१००१. क्रमाने इनपुट, फॉल्टच्या वेळचं इनपुट, आउटपुट, लोडची टक्केवारी, फ्रिक्वेन्सी, बॅटरीचं व्होल्टेज, तापमान आणि शेवटी आठ बिटं. डावीकडून पाचवं बिट १ असेल तर यूपीएस स्टँडबाय प्रकारचा, ० असेल तर ऑनलाइन. ऑनलाइन यूपीएस बॅटरीचं व्होल्टेज सेलमागे देतो, २.२७ असं काहीतरी. इथे अख्ख्या बँकेचे ८१.६. नटच्या ‘यूपीएससी’ कमांडने, परीक्षेने नव्हे, प्रकारही छापला: ऑफलाइन किंवा लाइन इंटरॅक्टिव्ह, म्हणजे लाइट असताना लोड थेट लाइनवर आणि गेली की बॅटरीवर. स्वस्त फर्मवेअरचं एखादं बिट चुकीचं असू शकतं, म्हणून एवढ्यावर भांडू नका. आउटपुट बघा. ऑनलाइनवाला इनपुट कितीही हलो, २३०च्या आसपास धरून ठेवतो. इथे आउटपुट इनपुटच्या मागे मागे फरफटत होतं.

अजून एक. प्लगमीटरवर लोड ६५० वॅट आणि यूपीएस म्हणतो ३६ टक्के. भागाकार करा, क्षमता येते १,८०० वॅट. कोटेशनमध्ये २,७०० लिहिले होते. केव्हीएच्या आकड्याला भुलू नका, वॅट लिहून घ्या.

बॅटऱ्यांचं गणित साधं आहे. ७२ गुणिले २६ म्हणजे १,८७२ वॅट-अवर, पण ती वीस तासांच्या दराने. तास-दीड तासात उपसायची तर साठेक टक्के हाती लागते, इन्व्हर्टर त्यातलेही पंधरा टक्के खातो. ६५० वॅटला सव्वा तास मिळायला अडचण नव्हती. मिळाली चौदा मिनिटं. लोडवर मोजल्या तेव्हा पाच बॅटऱ्या ११.८ आणि सहावी ७.४. टर्मिनलवर पान्याचे जुने ओरखडे, नव्या स्टिकरखाली जुन्या स्टिकरचा डिंक. वॉरंटी कार्डावरची तारीख बघू नका, प्लास्टिकवर ठोकलेला निर्मितीचा कोड बघा.

यात नुसता बॅकअप कमी होत नाही. सहा बॅटऱ्यांची बेरीज ६६.४ व्होल्ट असताना ‘लो बॅटरी’ बिट उठलेलं नव्हतं. पुढच्या क्षणी सहावी बॅटरी कोसळली आणि लोड गेला. नटने शटडाउन करायचं ते या बिटावर, त्यामुळे डेटाबेस चालू असतानाच आडवा झाला. बिटावर विसंबू नका: नटच्याच ‘यूपीएस-स्केड’मध्ये (upssched) टायमर लावा, बॅटरीवर १२० सेकंद झाले की सक्तीचं शटडाउन. आणि ते एकदा मुद्दाम करून बघा, सुट्टीच्या दिवशी.

एसएनएमपी कार्ड पिंगला उत्तर देतं. १.३.६.१.२.१.३३ या झाडाखाली, जिथे आरएफसी १६२८ प्रमाणे यूपीएसची माहिती असायला हवी, तिथे शुकशुकाट. त्याचे ९,५००. पैसे देण्याआधी ‘एसएनएमपीवॉक’ ही कार्डातली माहिती वाचणारी कमांड चालवा, फार तर एक मिनिट लागतं. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांकही ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून बघा, मॉडेल तेच निघतं का ते.

आता दाद मागायची कुठे? पोलीस ठाण्यात: ‘हा दिवाणी मामला, कोर्टात जा.’ १ जुलै २०२४ पासून ४२०च्या जागी भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) आलं, ऐकणारे कान तेच राहिले. लाइन इंटरॅक्टिव्ह आणि ऑनलाइन यांतला फरक कागदावर काढून दाखवला, त्यावर साहेबांचा प्रश्न: ‘पण चालतोय ना?’ ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तर ‘विक्रेत्याने प्रतिसाद दिला नाही’ असा शेरा आणि तक्रार निकाली! कोणी निकाली काढली, कशाच्या आधारावर, विचारायचं कुणाला? ग्राहक आयोगाचा रस्ता अरुंद, कारण २०१९च्या कायद्याच्या कलम २(७) प्रमाणे व्यावसायिक कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ‘ग्राहक’ नाही. स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला तेवढी सूट आहे, तुम्ही एकटे काम करत असाल तर तसा उल्लेख ऑर्डरमध्येच करा. उरतो १९३०चा वस्तुविक्री कायदा, कलम १५: वर्णनानुसार माल हवा. त्यासाठी दिवाणी कोर्ट आणि वकिलाची फी. ७५,९९२ रुपयांसाठी किती वर्षं ते तुम्हीच ठरवा.

आणि कळस बघा. उरलेले ३७,९९६ अडवले तर नोटीस विक्रेत्याकडूनच आली! उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म उद्योग म्हणून एमएसएमई कायद्याखाली थकबाकी, वर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. फसवणाऱ्यासाठी पोर्टल आहे, फसलेल्याला खिडक्या. या कायद्यात खरेदीदाराच्या हातात एकच गोष्ट आहे: माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत. फोनवर नाही, व्हॉट्सॲपवरच्या ‘ओके सर’वर नाही, ईमेल आणि रजिस्टर पोस्टाने. त्यात लॉग, बॅटऱ्यांचे फोटो, मीटरचं रीडिंग जोडा. आम्ही हरकत मुदतीत पाठवली होती, म्हणूनच ते ३७,९९६ अजून आमच्याकडे आहेत. आगाऊ दिलेल्या ३७,९९६चं मात्र नाव नाही.