पुशरॉडचं माप घ्यायचा अ‍ॅडजस्टेबल रॉड: पाच महिन्यांनंतर

इंजिनात कॅमचा धक्का वर रॉकरपर्यंत नेतो तो पुशरॉड, आणि रॉकर पुढे व्हॉल्व्ह दाबून उघडतो. पुशरॉड किती लांब हवा, ते हा रॉड लांब-आखूड करून ठरवायचं. आधी चेकनटचं बोलतो. या रॉडचे दोन तुकडे, मधे आटे, आणि आटे जागेवर धरायला चेकनटच नाही. 640 रुपये घेतले आणि पाच रुपयांचा नट दिला नाही! इंजिन हातानं फिरवताना पुशरॉड स्वतःभोवती फिरतो. मग माप हललं की तसंच राहिलं, कळणार कसं? आर्णीहून नट आणून बसवला, तेव्हा जिवाला बरं वाटलं.

मृगाच्या तोंडावर ट्रॅक्टरच्या इंजिनाचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असतात तो वरचा भाग, उघडलं होतं. फेसिंग झालं (हेडचा तळ घासून सपाट केला), व्हॉल्व्ह बसतात त्या सीटा कापल्या, एक वाकलेला पुशरॉड बदलला. दुकानदार म्हणाला, "सारेच सारखे असतात भाऊ, लावा बिनधास्त." लावला. रॉकरचा फट जुळवायचा स्क्रू पार वर गेला, त्याचा गोळा रॉकरला टेकला, तरी फट मोजायच्या फिलर गेजची 0.30 मिलिमीटरची पाती रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधे शिरेना. म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नव्हता. पांढरा धूर, आणि सकाळी स्टार्टर मारून मारून बॅटरी झोपायची.

फेसिंगनं हेड खाली येतं, सीट कापली की व्हॉल्व्हचा दांडा वर सरकतो. दोन्हींनी रॉड लांबच पडतो. त्यात हा नवा रॉड बाकी पाचांपेक्षा दोन मिलिमीटर लांब निघाला. पाचांच्या मापाचा केला असता तरी भागलं नसतं, कारण याच व्हॉल्व्हची सीट सगळ्यात खोल गेली होती. म्हणून हा मापाचा रॉड मागवला.

पहिल्या महिन्यात कुणी विचारलं असतं तर घेऊ नका म्हटलं असतं. पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणला, रॉकरचा स्क्रू मधोमध ठेवला, पाती नीट घासून निघेपर्यंत रॉड उघडला. आट्याचा एक फेरा म्हणजे एक मिलिमीटर, तेवढं मात्र बरोबर आहे. बाहेर काढून व्हर्निअर लावला आणि त्या मापाला दिग्रसच्या लेथवर नवा रॉड आखूड करून घेतला. दीडशे रुपये. बसवला तर स्क्रू पुन्हा वरच! चार दिवस मी मापाच्या रॉडलाच शिव्या घालत होतो.

चूक लेथवरच्या पोरानं पकडली. "काका, काठावरून काहून मोजता? याची वाटी खोल हाय, बुडातून मोजा ना." खरंच, मापाच्या रॉडच्या वरच्या टोकाची वाटी आमच्या पुशरॉडपेक्षा मिलिमीटरभर खोल होती. स्क्रूचा गोळा बसतो बुडाशी, आणि मी मोजत होतो काठ. त्यानं सायकलच्या मागच्या हबचा पाव इंची छर्रा दोन्ही वाट्यांत आळीपाळीनं ठेवला, छर्र्यावरून व्हर्निअर धरला, आणि फरक लख्ख समोर आला. आणखी दीडशे गेले, पण स्क्रू मधोमध बसला.

तेव्हापासून माझं मत बदललं. सोयाबीनच्या हंगामात हडंबा (मळणीयंत्र) दिवसदिवस चालवला. परवा टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी, पाहिले, तर त्या व्हॉल्व्हची फट 0.30 ची 0.30! सकाळी पहिल्या सेल्फला गाडी उठते. शेजारच्या दोघांच्या इंजिनांचं मापही यानंच घेतलं.

पण वाटी खोल आहे हे डब्यावर एका ओळीत छापायला काय जात होतं? आणि चेकनट द्यायलाच हवा होता. घेणार असाल तर नट आणि छर्रा त्याच दिवशी आणून ठेवा. माझा छर्रा मी चिंधीत बांधून रॉडच्याच डब्यात ठेवला आहे, कुणी रॉड मागायला आलं की दोन्ही सोबतच देतो.