रायझन ५ ५६००जी: पहिल्या डेस्कटॉपसाठी आजही घ्यावा असा प्रोसेसर, पण एका अटीवर

वेगळ्या ग्राफिक कार्डाला पैसे नाहीत, पण अभ्यास, ऑफिसचं काम, थोडं व्हिडिओ एडिटिंग आणि अधूनमधून गेम, हे सगळं एकाच मशीनवर व्हायला हवं. पहिला डेस्कटॉप असेंबल करणाऱ्या बहुतेकांची मागणी अशीच असते. तिला एएमडीचा रायझन ५ ५६००जी अजूनही चोख बसतो. तो ऑगस्ट २०२१ मध्ये दुकानांत आला, म्हणजे नवा नाही. पण ६ कोअर, १२ थ्रेड, ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत वेग, आतच व्हेगा ग्राफिक्स आणि बॉक्समध्ये कूलर, एवढं एका खरेदीत मिळतं. मदरबोर्ड एएम४ सॉकेटचा, रॅम डीडीआर४ प्रकारची. नव्या एएम५ सॉकेटचा रस्ता धरला तर बोर्ड आणि डीडीआर५ रॅम दोन्हींचा खर्च वाढतो. हात आखडता असेल तर तो मोह टाळावा.

नावातलं 'जी' हे अक्षर नीट पाहून घ्या. नुसता ५६०० किंवा ५५०० यांत ग्राफिक्स नसतात. तो बसवून मॉनिटर बोर्डाला जोडला की पंखे फिरतात आणि स्क्रीन काळीच राहते. कोटेशनमध्ये 'रायझन ५ ५६००' एवढंच लिहिलेलं असेल तर पूर्ण नाव लिहून घ्या. ५६००जीटी मिळाला तरी हरकत नाही, भाऊबंदच आहे.

आता ती अट. रॅमच्या दोन स्टिक लावायच्या, एक नाही. दुकानात हमखास सांगतात, "आता ८ जीबीची एक टाका, दुसरी नंतर कधीही टाकता येईल." वेगळं ग्राफिक कार्ड असतं तर हे चाललं असतं. ५६००जीच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, ते याच रॅमवर जगतात. ३२०० वेगाच्या एका स्टिकवर सेकंदाला २५.६ जीबी एवढीच वाट मिळते, दोन स्टिक लावल्या की ती ५१.२ होते. प्रोसेसर तोच, पण एका स्टिकवर गेम अडखळतो आणि दोनवर सुरळीत चालतो. ८-८ च्या दोन स्टिकवर व्हॅलोरंट १०८०पी लो सेटिंगवर आरामात चालतो, जीटीए ५ नॉर्मल सेटिंगवर खेळण्याजोगा राहतो. नवे जड गेम मात्र ७२०पीवर उतरवावे लागतात. त्यापुढची अपेक्षा या चिपकडून ठेवू नये.

२०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव चांगलेच चढलेत, त्यामुळे पहिली कात्री रॅमलाच लावावीशी वाटते. ती तिथे लावू नका. एसएसडी ५०० ऐवजी २५० ची घ्या, कॅबिनेट साधं घ्या. तरीही बसत नसेल तर प्रोसेसर एक पायरी खाली आणून ४६००जी घ्या. तोही ६ कोअरचाच आहे. ५६००जी आणि एक स्टिक यापेक्षा ४६००जी आणि दोन स्टिक हा सौदा गेमसाठी सरस आहे. ४-४ च्या दोन स्टिकचा सल्ला मात्र ऐकू नका. स्वस्तातल्या बोर्डवर स्लॉट दोनच असतात, ते दोन्ही अडतात आणि पुढे दोन्ही स्टिक काढून टाकाव्या लागतात.

स्टिक लावल्या म्हणजे काम संपलं असं नाही. ३२०० ची रॅम बसवल्यावर ती बहुतेक वेळा २४०० किंवा २६६६ वरच चालू होते. बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन एक्सएमपी (काही बोर्डवर डीओसीपी) हे रॅमला तिचा पूर्ण वेग देणारं सेटिंग चालू करावं लागतं. असेंबल करून देणारे बरेच जण हे करत नाहीत. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. तिथे ३२०० दिसलं पाहिजे. चार स्लॉटच्या बोर्डवर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा. पहिल्या-दुसऱ्या किंवा तिसऱ्या-चौथ्या स्लॉटमध्ये लावल्या तर ड्युअल चॅनल, म्हणजे ती दुप्पट वाट, मिळत नाही.

बोर्ड ए५२० या साध्या चिपसेटचा पुरतो. ६५ वॉटच्या प्रोसेसरला बी५५० वर जादा पैसे घालून हाती फारसं काही लागत नाही, कारण ५६००जी स्वतःच पीसीआयई ३.० वर, म्हणजे कार्ड आणि एसएसडी जोडणाऱ्या वाटेच्या तिसऱ्या पिढीवर थांबतो. म्हणूनच जेन४ एसएसडीचे जादा पैसेही वाया जातात, साधी जेन३ एनव्हीएमई, म्हणजे याच पीसीआयई वाटेवर चालणारी वेगवान एसएसडी घ्या. इथे एक फसगत होते. एम.२ आकाराच्या सगळ्याच एसएसडी एनव्हीएमई नसतात. काही साटा या जुन्या, संथ जोडणीच्या असतात, दिसायला सारख्या, पण वेग ५५० एमबीच्या आसपास अडकलेला. खोक्यावर 'एनव्हीएमई' हा शब्द शोधा. घरात जुना व्हीजीए मॉनिटर पडून असेल तर मागे व्हीजीए पोर्ट असलेला ए५२० बोर्ड मागा, मॉनिटरचे पैसे वाचतील. वायफाय या बोर्डांवर सहसा नसतं. राउटर लांब असेल तर यूएसबी डोंगलचे पैसे आधीच धरून ठेवा.

दुकानात पडून राहिलेला जुना बोर्ड मिळाला तर त्याचं बायॉस ५६००जीला ओळखतच नाही आणि डिस्प्ले येत नाही. खोक्यावर 'रायझन ५००० डेस्कटॉप रेडी' असा स्टिकर असेल तर धोका बराच कमी. नसेल तर बायॉस अपडेट करूनच बोर्ड ताब्यात द्या, असं दुकानदाराला स्पष्ट सांगा.

एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर लोक सर्वांत जास्त काटकसर करतात, आणि सर्वांत चुकीची. कॅबिनेटसोबत 'फुकट' येणाऱ्या डब्यावर ४५० वॉट छापलेलं असतं. लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यातला अँपिअरचा आकडा बघा आणि त्याला १२ ने गुणा. १६ अँपिअर असेल तर खरी ताकद १९२ वॉट. आज ५६००जी त्यावर चालेलही, तो प्रोसेसर पूर्ण भारावर ८८ वॉटच्या आसपासच खातो. पण असल्या डब्यांत संरक्षणाचे सर्किट नावापुरते असतात. वीज खेळ करते तेव्हा जाताना तो बोर्डही सोबत घेऊन जातो. नामांकित कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ हे वीजबचतीचं प्रमाणपत्र असलेला ४५० वॉट वेगळा घ्या. पुढे आरएक्स ६६०० सारखं १३२ वॉटचं कार्ड लावलं तरी तो पुरेल. आणि कार्ड निवडताना ६५०० एक्सटी टाळा. ते पीसीआयईच्या फक्त ४ लेनवर (मार्गिकांवर) चालतं आणि पीसीआयई ३.० वर त्याचा वेग चांगलाच पडतो.

स्वतः असेंबल करणार असाल तर कूलरपाशी घाई करू नका. सोबत येणारा रेथ स्टेल्थ स्क्रूनं बसतो. त्यासाठी बोर्डवरचे प्लास्टिकचे दोन आकडे आधी काढावे लागतात. त्यांचे चार स्क्रू सुटले की बोर्डामागची धातूची पट्टी खाली गळून पडते, म्हणून मागून एक हात लावून ठेवा. चारही स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीनं, थोडे थोडे आवळा. उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट कूलरला लावलेलीच असते, वरून आणखी लावू नका. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, बोर्डाला नाही. पुढे कधी कूलर काढायची वेळ आली तर आधी दहा मिनिटं मशीन चालवून पेस्ट कोमट होऊ द्या, मग बंद करून, वायर काढून, कूलर डावी-उजवीकडे पिळत उचला. सरळ वर ओढला की प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

पहिल्यांदा चालू केल्यावर मिनिटभर स्क्रीन काळी राहिली तर घाबरू नका, बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. त्यानंतरही काही आलं नाही तर प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनची वायर बघा. ती विसरण्याचं प्रमाण फार मोठं आहे. मग रॅम काढून 'कट' असा आवाज येईपर्यंत पुन्हा दाबा.

ऑनलाइन दिसणारे 'आय५, १६ जीबी, गेमिंग पीसी' असले तयार संच याच पैशांत मोह घालतात. आत बहुधा एच६१ हा जुना बोर्ड आणि २०१२ च्या आसपासचा इंटेलचा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर असतो. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ५६००जीला ही अडचण नाही.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर करा नाहीतर गावातल्या दुकानात, तीन ठिकाणची कोटेशनं एकाच दिवशी घ्या. रॅमचा भाव आठवड्यात बदलतो, त्यामुळे जुन्या कोटेशनशी तुलना करून उपयोग नाही. प्रोसेसर बॉक्सचाच मागा. ट्रे मालाला, म्हणजे खोक्याशिवाय सुटा मिळणाऱ्या प्रोसेसरला कंपनीची ३ वर्षांची वॉरंटी नसते आणि कूलरही बहुधा नसतो. १८ टक्के जीएसटीसह पक्कं बिल घ्या, त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि रिकामी खोकी वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा.