तेलाची बाटली आणि इंडिकेटर कार्ड: जहाजांच्या इंजिन-निरीक्षण सेवेचे परीक्षण

जहाजाच्या मुख्य इंजिनाचे वंगण तेल प्रयोगशाळेत तपासून देणे आणि त्याच इंजिनाच्या दाब, तापमान व इंधनाच्या नोंदींवरून त्याची प्रकृती सांगणे, ही दोन्ही कामे एकाच कराराखाली करणारी एक सेवा आम्ही आमच्या मालवाहू जहाजांसाठी घेतली आहे. मुंबईच्या कार्यालयातून या जहाजांच्या इंजिनरूमवर देखरेख करणे हे माझे काम असल्याने तिचे सर्व अहवाल माझ्या नजरेखालून जातात. काही तक्रारीही मांडायच्या असल्यामुळे कंपनीचे नाव देत नाही. प्रयोगशाळेचे काम उत्तम आहे, कामगिरीचे निदान बरे आहे. मात्र या दोन्हींचा एकत्र अर्थ लावण्याचे काम, ज्यासाठी खरे तर एकच करार करायचा, ते अजूनही गिऱ्हाइकालाच करावे लागते.

प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना समाधान वाटते. तेलाची चिकटाई ४० आणि १०० अंशांवर, बी.एन. म्हणजे आम्ल मारण्याची उरलेली ताकद, कार्ल फिशर पद्धतीने मोजलेले पाणी, न विरघळणारी काजळी आणि धातूंचे प्रमाण पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग), असा सगळा तपशील त्यात असतो. क्रँककेसमधील तेलात चिकटाई, बी.एन. आणि कॅल्शियम ही तिन्ही मिळून चढू लागली, तर सिलिंडरचे तेल स्टफिंग बॉक्समधून, म्हणजे पिस्टन रॉडभोवतीच्या सीलमधून, खाली उतरते आहे, हे पिस्टन न काढता कळते. सोडियमबरोबर मॅग्नेशियमही वाढले असेल तर समुद्राच्या पाण्याचा संशय घ्यायचा. सोडियमच्या जोडीला बोरॉन असेल तर सिलिंडर थंड ठेवणाऱ्या जॅकेटच्या गोड्या पाण्यातील रसायनाकडे पाहायचे. कथील, शिसे आणि तांबे हलू लागले की बेअरिंगचा विचार सुरू होतो. धातू मोजणाऱ्या यंत्राला काही मायक्रॉनपेक्षा मोठे कण नीट दिसत नाहीत, म्हणून ही कंपनी प्रत्येक नमुन्याचा पी.क्यू. निर्देशांकही देते. तो लोहचुंबकीय कणांचे प्रमाण सांगतो आणि कण मोठे असले तरी चुकत नाही. कित्येक ठिकाणी यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. येथे ते मूळ दरातच धरलेले आहे.

पी.क्यू.चे मोल आमच्या एका जहाजावर स्पष्ट दिसले. १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५० टक्क्यांवरून ०.५० टक्क्यांवर आली, तरी स्क्रबर (धुरातील गंधक धुऊन काढणारे यंत्र) बसवलेली जहाजे जास्त गंधकाचे इंधन जाळू शकतात आणि हे जहाज त्यांपैकीच एक आहे. अशा इंजिनात, विशेषतः संथ वेगाने चालताना, लायनरची, म्हणजे सिलिंडरच्या आतील नळीची, भिंत थंड राहिली की तिच्यावर गंधकाम्ल साचते आणि लोखंड खाल्ले जाते; त्यामुळे पिस्टनखालून गोळा केलेल्या स्क्रेपडाऊन तेलात लोह वाढलेले दिसले की सिलिंडर तेलाचे प्रमाण वाढवा, असा सल्ला जवळजवळ सवयीने दिला जातो. चौथ्या युनिटचे, म्हणजे सिलिंडरचे, लोह इतरांच्या दुप्पट आल्यावर आम्हालाही हाच सल्ला मिळाला. पण त्याच पानावर उरलेला बी.एन. इतर युनिटांइतकाच चांगला होता आणि पी.क्यू. मात्र चढलेला होता. आम्लाने खाल्लेल्या लोहाची संयुगे चुंबकाला फारशी दाद देत नाहीत, पी.क्यू. चढतो तो धातूवर धातू घासला गेल्यावर.

त्याच आठवड्यात कामगिरी विभागाचा अहवाल स्वतंत्रपणे आला. त्यात चौथ्या युनिटचा कॉम्प्रेशनचा दाब बाकीच्यांच्या सरासरीपेक्षा सुमारे ६ बारने कमी असल्याची नोंद होती आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तपासण्याची सूचना होती. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर रोख सरळ सिलिंडरमधील दाब अडवून धरणाऱ्या पिस्टन रिंगांकडे जातो. पुढच्या नांगरावर सेकंड इंजिनिअरने स्कॅव्हेंज पोर्टमधून (सिलिंडरमध्ये ताजी हवा येण्याच्या छिद्रांतून) पाहिले, तेव्हा वरच्या रिंगच्या तोंडावर उभ्या चऱ्या होत्या आणि लायनरवर त्यांच्याच ओळी उतरल्या होत्या. प्युरिफायर या इंधन साफ करणाऱ्या यंत्रानंतरच्या इंधनाच्या नमुन्यात ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन, म्हणजे रिफायनरीतील उत्प्रेरकाचे ओरखडे काढणारे कठीण कण, जास्त निघाले. जहाजाच्या इंधनाचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ८२१७ प्रमाणे जहाजावर चढणाऱ्या जड इंधनात या दोहोंची बेरीज ६० पीपीएमपर्यंत चालते, परंतु इंजिनात शिरताना ती १५ च्या वर नसावी अशी इंजिन बनवणाऱ्यांची अपेक्षा असते. उपाय प्युरिफायरचा प्रवाह कमी करण्यात आणि रिंगा बदलण्यात होता. तेल वाढवून केवळ पिंपे रिकामी झाली असती. दोन्ही विभागांचे आकडे बिनचूक होते. प्रश्न इतकाच की एकाच कंपनीतील दोन माणसांनी एकमेकांचे कागद पाहिले नव्हते.

कामगिरीच्या भागाबद्दल आणखी थोडे. इंडिकेटर कॉकवर (सिलिंडरच्या दाब मोजण्याच्या तोटीवर) इलेक्ट्रॉनिक उपकरण लावून घेतलेली कार्डे, म्हणजे सिलिंडरमधील दाबाचे आलेख, टर्बोचार्जरचे फेरे, स्कॅव्हेंजचा दाब आणि इंधनाचा खप हे सारे २५ अंश तापमानाच्या प्रमाण स्थितीला आणि ४२,७०० किलोज्यूल उष्मांकाला बेतून, कारखान्यातील चाचणीच्या वक्राशी ताडून दिले जाते. हे काम नीटनेटके असते. मात्र पिस्टनच्या सर्वोच्च बिंदूची नोंद एका अंशाने जरी सरकली, तरी सिलिंडरची शक्ती ज्यावरून काढतात त्या सरासरी दर्शित दाबात दहा टक्क्यांच्या आसपास चूक शिरू शकते, आणि ही दुरुस्ती त्यांनी केली आहे की नाही हे अहवालात कोठेही लिहिलेले नसते. विचारल्यावर ते सांगतात. पण विचारावे लागते.

त्यांच्या पोर्टलवरील हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगांवर विसंबू नये. रंग ठरतो तो ठरावीक मर्यादेवरून. जनरेटरच्या तेलातील तांबे दर नमुन्यागणिक चढत असले तरी मर्यादा ओलांडेपर्यंत खूण हिरवीच राहते. चढउताराचा आलेख तिसऱ्या पानावर दडलेला आहे, तो पहिल्यावर हवा. बाटलीवर तेलाचे चालू तास आणि नवीन ओतलेले तेल लिहिले नसेल तर आलेखही फसवतो, कारण ताज्या तेलाने धातूंचे प्रमाण आपोआप खाली येते. ही माहिती नसलेला नमुना प्रयोगशाळा फोन करून अडवते, हे मला आवडले. नमुना हाती पडल्यावर तीन दिवसांत निकाल देण्याचे वचन ती सहसा पाळते. वेळ जातो तो बंदरातील एजंट आणि कुरिअर यांच्यात, आणि त्याचा दोष प्रयोगशाळेला देता येणार नाही.

तेल विकणाऱ्या कंपन्या अशी तपासणी बहुधा तेलाच्या किमतीतच करून देतात, मग वेगळी सेवा कशाला, असे आमच्या हिशेब विभागाने विचारले होते. त्या तपासणीत मला खोट आढळलेली नाही. परंतु ज्याने तेल विकायचे त्यानेच ते अधिक घाला म्हणायचे, हे मनाला थोडे खटकते. शिवाय कोणाचाही अहवाल तेलाचा कस सांगतो, पातळी सांगत नाही. मार्च २०१९ मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्यापाशी वादळात सापडलेल्या व्हायकिंग स्काय या प्रवासी जहाजाची इंजिने बंद पडली, ती टाक्यांत वंगण तेल कमी असल्यामुळे. टाकीत मापाची पट्टी घालण्याचे काम इंजिनरूममधील माणसाचेच आहे.

जहाजांवर अनुभवी चीफ इंजिनिअर असतील आणि कार्यालयात दोन्ही अहवाल एकत्र वाचणारे कोणी असेल, तर ही सेवा पैसे वसूल करून देते. एकटे जहाज चालवणाऱ्या मालकाने मात्र फक्त तेलाची तपासणी घ्यावी आणि कार्डे जहाजावरच वाचून घ्यावीत. आम्ही नूतनीकरणाच्या मसुद्यात प्रत्येक युनिटसाठी एकच संयुक्त शेरा आणि त्याखाली तो लिहिणाऱ्या अभियंत्याचे नाव, अशी अट घातली आहे. त्यांनी पहिला भाग मान्य केला असून दुसऱ्यावर बोलणी सुरू आहेत.