बिनरंगी सोफुबी काइजू : नाशिकच्या एका उन्हाळ्यानंतरचा अभिप्राय

गेल्या दिवाळीनंतर टोकियोतील एका छोट्या कार्यशाळेचा, सुमारे २२ सेंटिमीटर उंचीचा, चार शिंगांचा आणि पोटावर खवले असलेला सोफुबी काइजू, म्हणजे मऊ प्लॅस्टिकचे पोकळ खेळणे, मी मागवला. काइजू म्हणजे जपानी चित्रपटांतला आणि मालिकांतला महाकाय, विचित्र प्राणी. आणि सोफुबी हे ‘सॉफ्ट व्हिनाइल’ या शब्दांचे जपानी तोंडी रुळलेले लघुरूप. त्याच्या तीन आवृत्त्या विक्रीला होत्या : रंगवलेली, अंधारात चमकणारी आणि अजिबात न रंगवलेली, शेवाळी हिरव्या रंगाच्या व्हिनाइलची. मी तिसरी घेतली. ती सर्वांत स्वस्त होती हे कारण मी लपवत नाही. परंतु हिवाळा आणि उन्हाळा तिने माझ्या कॉलेज रोडवरील घरात काढल्यानंतर आज पुन्हा निवड करायची झाली, तरी मी तीच घेईन.

सोफुबीची खरी कारागिरी तिच्या ओतकामात असते आणि रंग चढला की तीच आधी झाकली जाते. मूळ आकृती मेणात करून तिच्यावर विजेच्या साहाय्याने धातूचा, बहुधा तांब्याचा, थर चढवतात आणि त्यातून साचा मिळतो. साच्यात पातळ व्हिनाइल ओतून तो तापलेल्या तेलात बुडवतात. साच्याच्या भिंतीला चिकटलेला थर घट्ट होतो आणि मधले पातळ द्रव्य परत ओतून घेतले जाते. थर पुन्हा तापवून पक्का केल्यावर साचा पाण्यात घालतात आणि व्हिनाइल अजून ऊबदार, लवचीक असतानाच कारागीर पक्कडीने तो अवयव साच्याच्या तोंडातून ओढून बाहेर काढतो. डोके, धड, हात, पाय असा प्रत्येक भाग याच रीतीने सुटा निघतो. तो किती वेळ तेलात राहिला यावर त्याची जाडी ठरते, म्हणून एकाच साच्यातून निघालेले दोन नगही हाताला किंचित वेगळे लागू शकतात.

नात्यातल्या एका काकांनी उमेदीची वर्षे तांबट आळीत भांडी घडवण्यात घालवली आहेत. त्यांच्या हातात मी हा प्राणी दिला, तेव्हा त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. पाय उपसून त्यांनी आत बोट फिरवले, उजेडाकडे धरून कडा पाहिली आणि विचारले, “याची शिवण कुठं आहे रे?” प्रश्न अगदी नेमका होता. गणपतीचा साचा भागाभागांनी उघडतो, म्हणून त्यातून निघालेल्या मूर्तीवरची जोडरेघ घासून काढावी लागते. येथे साचा उघडतच नाही, त्यामुळे बोटाच्या नखाएवढ्या खवल्यांच्या खालची खाचही जशीच्या तशी उतरली आहे. माझ्या नगाच्या डाव्या काखेत मात्र सुरीने कापलेली कडा थोडी वाकडी आहे. बाहू बसवला की ती दिसत नाही, तरीही एवढ्या किमतीच्या वस्तूत ती सरळ असावी, ही अपेक्षा गैर नाही.

सांध्यांबद्दल सुरुवातीला माझी फजिती झाली. डिसेंबरच्या सकाळी, नाशिकची थंडी ऐन भरात असताना, मी हात जोर लावून फिरवू पाहिला आणि तो जागचा हलेना. केस वाळवण्याच्या यंत्राने खांद्याला अर्धा मिनिट ऊब दिल्यावर तो लोण्यासारखा सुटला. गरम पाण्यात बुडवूनही हेच साधते. थंड व्हिनाइलवर जोर करू नये.

या कलेला लाभलेला वारसा मोठा आहे. १९६६ मध्ये ‘अल्ट्रा क्यू’ आणि त्यानंतर ‘अल्ट्रामॅन’ या मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाल्या आणि त्यांतील काइजूंची मारुसान कंपनीची सोफुबी खेळणी मुलांच्या हाती आली. मारुसाननंतर बुलमार्कने ती परंपरा पुढे चालवली. आजच्या छोट्या कार्यशाळा त्या काळातले बुटके बांधे आणि भडक रंग मुद्दाम आठवून काम करतात. माझ्या काइजूचे आखूड पाय आणि किंचित बावळट डोळे तिथूनच आले आहेत, आणि मला ते मनापासून आवडतात.

आता व्यवहाराचे. अशा कार्यशाळा थोडेच नग काढतात आणि पुष्कळदा सोडत काढून विकतात; म्हाडाच्या सोडतीत कधी नाव न लागलेल्या माझ्यासारख्याचे तिसऱ्या प्रयत्नात येथे नाव निघाले. नगाची किंमत ६,५०० येन होती. माल थेट भारतात पाठवला जात नसल्यामुळे मधे एक मध्यस्थ सेवा घ्यावी लागली. तिचे शुल्क, टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून दारात पडेपर्यंत हिशेब साडेआठ हजार रुपयांच्या आसपास गेला, म्हणजे वस्तूच्या किमतीहून वरखर्चच जास्त. खेळण्यांवरील मूळ आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केले गेले होते, तेव्हापासून हा छंद सांभाळून करावा लागतो. त्यात त्या मध्यस्थाने पुडके लहान करण्यासाठी पिशवीच्या माथ्यावरचे छापील पुठ्ठ्याचे शीर्षपत्र दुमडून टाकले. संग्राहकाच्या दृष्टीने ते खेळण्याचाच भाग असते. तक्रारीला दिलगिरीचे दोन ओळींचे उत्तर आले, भरपाई आली नाही. पुढच्या वेळी ‘मूळ वेष्टन उघडू नये’ अशी सूचना मी आधीच लिहून देणार आहे.

नाशिकच्या उन्हाळ्याने या वस्तूची खरी परीक्षा घेतली. मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीजवळच्या फळीवर उभा असलेला काइजू आठवडाभरात उजवीकडे कलला, कारण त्या बाजूचा पाय उष्णतेने मऊ होऊन धडाच्या भाराखाली दबला होता. पाय काढून गरम पाण्यात धरला, हाताने सरळ केला आणि लगेच गार पाण्यात टाकला. तेव्हापासून तो ताठ आहे. व्हिनाइल मऊ ठेवणारे द्रव्य कालांतराने पृष्ठभागावर येऊन चिकटपणा आणते, त्यामुळे तो बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नये, आणि गडद रंगाचा नग फिक्याला टेकवून ठेवला तर डाग उतरतो, हेही लक्षात ठेवावे. धूळ बसली तर कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पुरतो. रंगवलेल्या नगाबाबत मात्र इतक्या बिनधास्तपणे पाण्याला हात लावण्याचे धाडस मी केले नसते.

माझे गुण दहापैकी आठ : एक त्या काखेतल्या वाकड्या कडेसाठी कापला, दुसरा मे महिन्यात वाकलेल्या पायासाठी. मध्यस्थ सेवेला मी चार देईन. सोफुबी प्रथमच घेणाऱ्याने रंगीत आवृत्तीच्या मागे न लागता बिनरंगी नग घ्यावा, मागणी ऑक्टोबर ते जानेवारीच्या दरम्यान नोंदवावी, आणि घरात लहान मूल असेल तर फळी थोडी उंच निवडावी. माझ्या सहा वर्षांच्या भाचीने या काइजूचे नाव ‘ढब्बू’ ठेवले असून ती आली की तो फळीवर राहत नाही.